आधी वजन, मग कुस्ती : ‘असामान्य क्षमते’चं ग्रीन कार्ड कसं मिळतं

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एकाच दिवशी दोन कागदांवर सह्या केल्या. पहिल्या कागदानं एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. ती बातमी आपल्याकडे घरोघरी पोचली, कारण प्रत्येक सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा सून तिकडे आहेच. दुसरा कागद ‘गोल्ड कार्ड’चा. अमेरिकी सरकारला दहा लाख डॉलरची देणगी द्या, ती देणगीच तुमच्या असामान्य क्षमतेचा पुरावा धरू, असा त्याचा मथितार्थ.

ते वाचून माझा मावसभाऊ बराच वेळ हसत होता. तो मूळचा सांगलीचा. पुण्यात एमएस्सी, अमेरिकेत पीएचडी, आणि आता तिथल्याच एका विद्यापीठात पाण्यातलं फ्लोराइड मोजायच्या सेन्सरवर संशोधन. आपली क्षमता असामान्य आहे हे दाखवायला त्याला साडेचारशे पानांची फाइल द्यावी लागली होती. मी वकील नाही. पण ती फाइल तयार होत असताना दोन महिने त्याच्याकडे राहायला होते आणि डायनिंग टेबलावर त्या पानांना चिकटपट्ट्या लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यातून हे प्रकरण जेवढं समजलं तेवढं सांगते.

हा दरवाजा नेमका कुठला?

अमेरिकेत कायम राहायचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीधंद्याच्या आधारावर ते मिळवायच्या ज्या वाटा आहेत, त्यांतली सर्वांत वरची वाट म्हणजे ईबी-१ए. १९९०च्या कायद्यानं ती आखून दिली. विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय किंवा खेळ यांपैकी कशात तरी तुमची ‘असामान्य क्षमता’ हवी आणि तिला देशपातळीवर किंवा जगात टिकून राहिलेली ख्याती हवी. नियमांत तिची व्याख्याही आहे : आपल्या क्षेत्राच्या अगदी शेंड्यावर पोचलेल्या मोजक्या लोकांपैकी एक.

वृत्तपत्रं याला ‘आइनस्टाइन व्हिसा’ म्हणतात. टोपणनाव झकास आहे, पण फसवं. आइनस्टाइन १९३३ मध्ये प्रिन्स्टनला आले तेव्हा हा वर्गच नव्हता. आणि पुढे ज्यांना तो मिळाला त्यांत मॉडेल आहेत, गोल्फपटू आहेत, नर्तक आहेत. मेलानिया ट्रम्प यांना २००१ मध्ये याच वाटेनं ग्रीन कार्ड मिळाल्याची बातमी २०१८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं दिली होती.

या वाटेवर मालकाची गरज नसते. विद्यापीठानं तुमच्यासाठी काही भरायचं नाही. आय-१४० नावाचा अर्ज तुम्ही स्वतःच स्वतःसाठी करता. तो तपासतं यूएससीआयएस, म्हणजे तिथलं नागरिकत्व आणि स्थलांतराचं खातं. पुढे त्याला नुसतं ‘खातं’ म्हणू.

आपल्या लोकांची याच दारात गर्दी का?

रांगेमुळे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि त्यांत अर्जदारांचे नवरे, बायका, मुलंही मोजली जातात. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ढोबळ सात टक्के. हा देश म्हणजे जन्माचा देश. म्हणजे आइसलँड आणि भारत यांना एकच मापटं. २०२५च्या उन्हाळ्यात ईबी-२ या खालच्या वर्गात भारतीयांचा नंबर १ जानेवारी २०१३च्या आधीच्या अर्जांपर्यंत आला होता. ईबी-१ मध्ये, म्हणजे ईबी-१ए ज्यात मोडतं त्या वर्गात, तीच तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती. बारा वर्षांच्या रांगेपेक्षा तीन वर्षांची बरी, एवढं साधं गणित आहे.

प्राध्यापक-संशोधकांसाठी ईबी-१बी अशी शेजारचीच आणखी एक खिडकी आहे. तिच्या अटी जरा सैल आहेत, पण तिथे विद्यापीठानं अर्ज करावा लागतो आणि पक्क्या स्वरूपाची नोकरी देऊ करावी लागते. तीन वर्षांच्या करारावर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करणाऱ्याला ती कुठून मिळायची?

दहातले तीन

नोबेलच्या तोडीचं एखादं पारितोषिक असेल तर प्रश्नच नाही, ते एकच पुरतं. बाकीच्यांसाठी नियमांनी दहा कसोट्या दिल्या आहेत आणि त्यांतल्या निदान तीन पुऱ्या व्हायला हव्यात. दोन कसोट्या कलावंतांच्या आहेत : प्रदर्शनं, आणि रंगमंचावरचं व्यावसायिक यश. परिषदेत पोस्टर लावलं म्हणजे ‘प्रदर्शन’ झालं, अशी शक्कल संशोधक लढवतात. ती सहसा चालत नाही, कारण तिथे कलेचं प्रदर्शन अभिप्रेत आहे. मोठा पगार ही आणखी एक कसोटी. पोस्टडॉकनं तिच्याकडे बघूही नये.

उरलेल्यांत दोन संशोधकाला जवळपास आपोआप मिळतात. स्वतःचे शोधनिबंध ही एक, आणि इतरांचं काम तपासणं ही दुसरी, म्हणजे नियतकालिकांसाठी समीक्षण करणं. मात्र समीक्षणाचं आमंत्रण आलं होतं एवढं दाखवून भागत नाही. समीक्षण केलं हे दिसायला हवं. नामांकित संस्थेतली कळीची भूमिका हीही एक कसोटी आहे, पण प्रयोगशाळेत सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात शेवटी जाणारा माणूस ‘कळीचा’ होता, हे कागदावर आणणं अवघड.

सभासदत्वाची कसोटी दिसते सोपी. पण वर्गणी भरून कुणालाही होता येतं ते सभासदत्व उपयोगाचं नाही. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा साधा सभासद आणि तिनं कामगिरी पाहून निवडलेला फेलो यांत जो फरक, तोच इथे मोजतात. पारितोषिकांचंही तसंच. ते अमेरिकेतलंच असलं पाहिजे असं नाही. आपलं भटनागर पारितोषिक असेल तर ते देशपातळीवरचं म्हणून उभं राहील. कॉलेजच्या गॅदरिंगमधली ढाल मात्र घरीच ठेवावी.

मग ‘तुमच्याबद्दल छापून आलेलं’ ही कसोटी. माझ्या मावशीनं यासाठी सांगलीहून एक कात्रण जपून पाठवलं होतं, लॅमिनेट करून. ‘भूमिपुत्राची सातासमुद्रापार गरुडझेप’. बातमीच्या डोक्यावर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. नियम म्हणतो : मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव हवं, प्रकाशन मोठं किंवा त्या व्यवसायातलं महत्त्वाचं हवं, आणि इंग्रजी नसेल तर पूर्ण भाषांतर, सोबत भाषांतरकाराचं प्रमाणपत्र. आमचा ‘प्रतिनिधी’ इथेच बाद झाला. कात्रण फ्रिजवर लावलं, फाइलमध्ये नाही.

राहिली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची कसोटी : क्षेत्राच्या दृष्टीनं मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान. खरी झटापट इथे असते.

आधी वजन, मग कुस्ती

तीन कसोट्या झाल्या, म्हणजे काम फत्ते? नाही. इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

कुस्तीच्या स्पर्धेत मल्ल आधी काट्यावर उभा राहतो. वजन बसलं की गटात प्रवेश. त्यानं तो कुस्ती जिंकला असं होत नाही. आखाड्यात उतरायची परवानगी मिळते, इतकंच. पण काट्यापाशी बसलेल्या पंचानं ‘आधी एक धोबीपछाड मारून दाखव, मग वजन लिहितो’ म्हणायचं नसतं.

नेमकी हीच चूक खात्यानं केली, आणि ती दाखवून दिली आर्मेनियातून आलेल्या कझारियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यानं. ते कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवत होते. त्यांचे शोधनिबंध होते, पण खातं म्हणालं, त्या निबंधांची इतरांनी दखल घेतल्याचं दाखवा, तरच ही कसोटी धरू. त्यांनी विद्यापीठात प्रबंध तपासले होते, तर खातं म्हणालं, स्वतःच्याच विद्यापीठातले चालणार नाहीत. २०१० मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही. निबंध आहेत म्हणजे निबंधांची कसोटी पुरी. त्यांची दखल किती घेतली गेली हा प्रश्न नंतरचा, सगळ्या पुराव्याचं मिळून मूल्यमापन करतानाचा.

गंमत अशी की कझारियन स्वतः हरले. न्यायालयानं त्यांच्या दोन कसोट्या मान्य केल्या. तिसरी काही बसली नाही. पण त्यांच्या नावाची पद्धत पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खात्यानं ती लेखी धोरण म्हणून स्वीकारली. पहिली पायरी, मोजणी : दहातले तीन आहेत का? दुसरी पायरी, तोलणी : सगळं एकत्र पाहिलं तर हा माणूस खरंच शेंड्यावर आहे का? नाकारल्या जाणाऱ्या अनेक अर्जांत पहिली पायरी चढलेली असते. ‘तुम्ही चार कसोट्या पूर्ण केल्या आहेत, तथापि...’ असं ते पत्र सुरू होतं आणि त्या ‘तथापि’नंतरची पानं वाचवत नाहीत.

‘पण माझ्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे!’

असेल. गावात सगळ्यांना माहीत असतं की ओढ्याकाठचं वावर कुणाचं. तरीही तलाठ्याकडे गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागतं. खात्याचा अधिकारी हा तुमच्या विषयातला माणूस नसतो. त्याच्या टेबलावर सकाळी एखादा शेफ असेल, दुपारी तुम्ही. तो तुम्हाला भेटत नाही, तुमचं व्याख्यान ऐकत नाही, फक्त पानं उलटतो. फाइलमध्ये जे नाही ते जगात नाही.

दिलासा एवढाच की पुरावा फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा लागत नाही. तराजू थोडा जरी तुमच्या बाजूला झुकला, म्हणजे तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त वाटली, तरी पुरे. हे मोजमाप खातं ज्या २०१०च्या निवाड्याच्या आधारानं सांगतं, त्याचं नाव ‘मॅटर ऑफ चवाथे’. आडनाव आपल्याकडचंच वाटतं. तो निवाडा प्राध्यापकाचा नव्हता, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्याचा होता. पण आज प्रत्येक वकील त्याचा दाखला देतो.

साइटेशन किती हवेत?

हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. साइटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा दिलेला संदर्भ. नियमात आकडा नाही. शंभर नाही, पाचशे नाही, हजारही नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात ते आकडे कुणाच्या तरी अनुभवाचे असतात, कायद्याचे नाहीत.

कारण आकडा एकटा काहीच बोलत नाही. पुजाराचा कसोटीतला स्ट्राइक रेट टी-ट्वेंटीच्या तक्त्यात टाकला तर तो खेळाडूच नाही असं वाटेल. शुद्ध गणितात एखाद्या चांगल्या निबंधाला दहा वर्षांत जेवढे संदर्भ मिळतात, तेवढे कर्करोगाच्या संशोधनात वर्षभरात पडतात. म्हणून तुलना करायची ती त्याच विषयातल्या, त्याच वर्षी छापलेल्या निबंधांशी. ‘माझे १४० संदर्भ आहेत’ हे वाक्य मुकं आहे. ‘२०१९ साली या विषयात जगभर छापलेल्या निबंधांत माझा हा निबंध वरच्या एक टक्क्यात आहे’ हे वाक्य बोलतं. अशी टक्केवारी देणारे तक्ते मिळतात आणि खात्याची स्वतःची मार्गदर्शिकाही म्हणते की क्षेत्रातल्या इतरांच्या तुलनेत संदर्भ जास्त असतील तर त्याला वजन आहे.

तरी मोजणीपेक्षा वाचणं महत्त्वाचं. भावाच्या फाइलवर खात्याकडून आरएफई आली, म्हणजे ‘आणखी पुरावा द्या’ अशी नोटीस. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. संदर्भ आहेत, पण तुमच्या कामामुळे क्षेत्रात काय बदललं ते दिसत नाही, असा तिचा सूर. तेव्हा आम्ही त्याला संदर्भ देणारे सगळे निबंध काढले. बहुतेकांत त्याचं नाव लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’सारखं होतं : ‘या विषयावर आधी बरंच काम झालं आहे, पाहा १२ ते २७’. त्या सोळा जणांत हाही एक. असे कागद कितीही जोडा, ते रद्दीच.

पण नऊ निबंध वेगळे निघाले. एका परक्या देशातल्या गटानं लिहिलं होतं की आम्ही सेन्सरचा थर या पद्धतीनं बनवला, आणि पुढे भावाच्या निबंधाचा क्रमांक. आणखी एकानं आपलं उपकरण त्याच्या उपकरणाशी ताडून पाहिलं होतं. ती नऊ पानं आम्ही वर ठेवली, नेमक्या ओळीवर पिवळा हायलायटर मारला आणि समासात एकेक वाक्य साध्या इंग्रजीत लिहिलं : इथे यांनी याची पद्धत वापरली. बाकीच्या एकशे एकतीस निबंधांची फक्त यादी दिली. भावाला ते पटत नव्हतं. ‘ताई, एवढं सगळं मागे टाकायचं?’ मी म्हटलं, पंगतीत सगळे पदार्थ एकदम वाढले तर जेवणारा मीठच शोधत बसतो.

शिफारसपत्रं : कौतुक नको, हकीकत हवी

अशा अर्जांना पाच-सात पत्रं जोडायची रीत आहे. निम्मी ओळखीच्यांची, म्हणजे गाइड, सहलेखक. आणि निम्मी अशांची, ज्यांनी तुमच्याबरोबर कधीच काम केलेलं नाही, फक्त तुमचं काम वापरलं आहे. दुसऱ्या प्रकारच्यांना जास्त भाव, कारण आई आपल्या पोराला गुणी म्हणणारच.

भावाच्या गाइडनं मोठ्या मनानं लिहिलं होतं की तीस वर्षांतला हा माझा सर्वोत्तम विद्यार्थी. वाचून मला भरून आलं. वकीलबाईंनी त्या वाक्यावर सरळ रेघ मारली. का? उत्तम विद्यार्थी असणं हा क्षेत्राच्या शेंड्यावर असल्याचा पुरावा नाही. उलट ‘विद्यार्थी’ हा शब्द अधिकाऱ्याला सांगतो की हा अजून शिकतोय. कझारियन यांच्या खटल्यातही नामवंतांची पत्रं होती, पण योगदान नेमकं कोणतं आणि त्यानं काय घडलं याचा तपशील नसल्यानं ती अपुरी पडली.

त्याउलट, एका अनोळखी प्राध्यापकांनी रुक्षपणे लिहिलेलं पत्र कामाला आलं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक नमुना तपासायला आधी दोन दिवस लागत; या पद्धतीनं एका दुपारीत होतो; आता आमचे सगळे विद्यार्थी हीच पद्धत शिकतात. एकही विशेषण नाही. आणि असं पत्र मागावं लागतं, याचीच आपल्या लोकांना लाज वाटते. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या मते मराठी संशोधकांचा निम्मा वेळ या संकोचात जातो.

एक मात्र टाळावं. सगळ्या पत्रांचा मसुदा अर्जदारानंच लिहिला की पाच खंडांतले पाच प्राध्यापक एकच उपमा वापरतात. अधिकाऱ्याला विषय कळत नसला, तरी एकच अक्षर पाच वेळा आलेलं कळतं.

‘निबंधावर आम्ही सहा जण होतो’

मग तुमचा वाटा वेगळा काढून दाखवा. पीएचडीच्या संस्कारात सगळीकडे ‘आम्ही’ असतं. ‘आम्ही नमुने घेतले, आम्ही विश्लेषण केलं.’ अधिकारी विचारतो, त्यातलं तू काय केलंस? अनेक नियतकालिकं निबंधाच्या शेवटी कुणी काय केलं ते छापतात. ती चार ओळींची टीप सोन्याची. नसेल तर सहलेखकानं पत्रात सांगावं की कल्पना याची, उपकरण याचं, माझं फक्त आकडेमोडीचं काम. सांघिक पारितोषिक असेल तर तेही आता धरतात. ऑक्टोबर २०२४च्या सुधारणेत खात्यानं तसं स्पष्ट केलं आहे.

पैसे टाकून ‘प्रोफाइल’ मिळतं म्हणे

मिळतं, आणि त्यातूनच माणसं गोत्यात येतात. शुल्क भरा आणि आंतरराष्ट्रीय पुरस्कार घ्या, शुल्क भरा आणि परीक्षक व्हा, शुल्क भरा आणि निबंधावर नाव लावा, असा बाजार भरलेला आहे आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक भारतीय आहे. पुरस्काराच्या यादीत शंभर विजेते आणि अर्जाच्या फॉर्मखालीच पैसे भरायची लिंक असली, की अधिकाऱ्याला फार तपास करावा लागत नाही. आणि ही नुसती नामंजुरीवर भागणारी गोष्ट नाही. जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशाला जन्मभराची आडकाठी येऊ शकते. मंजूर झालेला अर्जही नंतर रद्द करता येतो. ज्याच्याकडे दहा लाख डॉलर नाहीत, त्यानं दोन हजार डॉलरचा चषक घेऊन ती कसर भरून काढू नये.

नाकारलं तर?

आभाळ कोसळत नाही. साधारण महिन्याभरात अपील करता येतं किंवा नवे पुरावे घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. कितीदा करावा याला मर्यादा नाही, दर वेळी फी मात्र नव्यानं. जादा पैसे भरले तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत खातं काहीतरी कळवतं. त्या ‘काहीतरी’त आरएफईही आली.

भावाला नोटिशीच्या उत्तरानंतर मंजुरी आली. ग्रीन कार्ड अजून हातात नाही. आता रांगेत त्याची तारीख कधी लागते ते बघत बसायचं. सगळ्यात जास्त घाम मात्र त्याला वेगळ्याच गोष्टीनं फोडला होता. पोस्टडॉक संपल्यावर त्याचं जुन्या विद्यापीठाचं ईमेल खातं बंद झालं आणि चार वर्षांत केलेल्या समीक्षणांची सगळी आमंत्रणं, सगळी आभारपत्रं त्याबरोबर गेली. मग त्यानं सात नियतकालिकांच्या संपादकांना पत्रं धाडली : मी तुमच्यासाठी समीक्षण केलं होतं, कृपया तसा दाखला द्याल का? पाच जणांनी लगेच दिला. एकाचं उत्तर आलंच नाही. सातव्यानं दाखला दिला, मनापासून आभार मानले आणि सोबत नवा निबंध जोडला, एकवीस दिवसांत तपासून द्यावा म्हणून.